ग्रीन कार्डचा उशीर नेमका कुठे होतो? फोनवर दिसणारा आणि न दिसणारा

नात्यातला एखादा दादा किंवा ताई अमेरिकेत असेल, तर फॅमिली ग्रुपवर हा संवाद तुम्ही वाचलाच असेल. "ग्रीन कार्डचं काय झालं रे?" "प्रोसेसिंग चालू आहे, काका." पुढच्या दिवाळीला परत तोच प्रश्न, परत तेच उत्तर. अशा दहा-बारा दिवाळ्या जातात. सातबाऱ्यावर नाव लावायला तहसील कचेरीत हेलपाटे घालणाऱ्या काकांना हे ऐकून मनातून थोडं बरंच वाटतं, की चला, तिकडेही असंच आहे!

पण तिकडचं प्रकरण जरा वेगळं आहे. ‘प्रोसेसिंग’ या एका शब्दात दोन वेगवेगळे उशीर लपलेले आहेत. एक कचेरीचा: फाइल टेबलावर पडून आहे, अजून कोणी उघडली नाही. दुसरा रांगेचा: फाइल तपासून झाली, मंजूरही झाली, पण कायद्याने ठरवलेल्या जागा संपल्यात. पहिला उशीर महिन्यांत मोजतात आणि तो बराचसा फोनवर दिसतो. दुसरा दशकांत मोजतात आणि तो ‘केस स्टेटस’मध्ये दिसतच नाही. एमएससाठी कर्ज काढायच्या विचारात असाल, तर हा फरक आत्ताच समजून घ्या. पहिल्यावर काही ना काही उपाय असतो, दुसऱ्यावर पैसे टाकून किंवा ओळख लावून काहीही होत नाही.

फाइल कुठून कुठे जाते

समजा, तळेगाव ढमढेरेची एक ताई आहे. पुण्यात इंजिनिअरिंग केलं, अमेरिकेत एमएस केलं, तिथे नोकरी लागली. कंपनीने एच-१बी व्हिसासाठी नाव टाकलं आणि लॉटरीत नंबर लागला. (वर्षाला जागा ८५ हजार आणि मागणारे कितीतरी जास्त, म्हणून लॉटरी.) हा व्हिसा तीन अधिक तीन, असा सहा वर्षांचा. त्यापुढेही राहायचं तर कंपनीने ग्रीन कार्डसाठी स्पॉन्सर करावं लागतं.

कंपनी पहिल्यांदा जाते लेबर डिपार्टमेंटकडे. या कामाला या भागात किमान किती पगार असायला हवा, हे ते खातं ठरवून देतं. यातच कित्येक महिने जातात. मग कंपनीने जाहिराती द्यायच्या, की या जागेसाठी लायक अमेरिकन माणूस मिळतोय का बघू. नियम असा की दोन वेगवेगळ्या रविवारी छापील पेपरात जाहिरात यायला हवी. हो, छापील पेपरात! अख्खं जग फोनवर नोकरी शोधतंय, पण नियम २००५ चा आहे. कोणी मिळालं नाही की ‘पर्म’ नावाचा अर्ज जातो. २०२४-२५ मध्ये एकट्या पर्मच्या निकालाला सव्वा वर्षापेक्षा जास्त वेळ लागत होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत सरकारी शटडाऊन झालं, तेव्हा तर लेबर डिपार्टमेंटचं हे ऑनलाइन पोर्टलच काही आठवडे बंद पडलं.

पर्मचा अर्ज ज्या दिवशी दाखल झाला, ती ताईची ‘प्रायोरिटी डेट’. ही तारीख लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर चालतं.

पर्म मंजूर झालं की दुसरं खातं येतं, यूएससीआयएस. तिथे कंपनी आय-१४० हा फॉर्म भरते. इथे मात्र घाई विकत मिळते. अडीच-तीन हजार डॉलर जादा भरले की ‘प्रीमियम प्रोसेसिंग’मध्ये बहुतेक अर्जांवर कामाच्या १५ दिवसांत कारवाई होते. पर्मला अशी सोय नाही आणि शेवटच्या फॉर्मला, म्हणजे आय-४८५ लाही नाही.

म्हणजे पगार ठरवणं, जाहिराती, पर्म आणि आय-१४० मिळून अडीच-तीन वर्षं धरून चाला. हा झाला कचेरीचा उशीर, आणि तो चावतो कुठे तेही बघा. सहा वर्षं संपल्यावर एच-१बी वाढवून मिळतो, ही सवलत २००० सालच्या कायद्याने दिली. त्यासाठी पर्म दाखल होऊन ३६५ दिवस झालेले हवेत किंवा आय-१४० मंजूर हवा. आय-१४० मंजूर असेल तर एकदम तीन-तीन वर्षांची मुदतवाढ मिळते. कंपनीने "बघू, पुढच्या वर्षी करू" म्हणत पाचवं वर्ष उजाडू दिलं, तर मात्र ताईची मुदत आणि कचेरीचा वेग यांची शर्यत लागते. नोकरीच्या ऑफरबद्दल बोलताना पगाराइतकाच हा प्रश्न विचारायला हवा: ग्रीन कार्डचं काम तुम्ही कितव्या महिन्यात सुरू करता?

आणि मग रांग

आय-१४० मंजूर झाला. स्टेटस ‘अप्रूव्हड’. घरी पेढे. आता आय-४८५ भरला की कार्ड हातात, असं वाटतं. पण आय-४८५ भरता येतो तो रांगेत आपली तारीख आल्यावरच.

हे ऊसवाल्या घरातल्या मुलांना पटकन कळेल. शिरूर-दौंड पट्ट्यात ऊस लावला की कारखान्याला लागणीची नोंद देतात. ती तारीख म्हणजे प्रायोरिटी डेट. नोंद मंजूर झाली म्हणून दुसऱ्या दिवशी फडात टोळी येत नाही. कारखाना प्रोग्राम लावतो, की अमुक तारखेपर्यंतच्या लागणींना आता तोड. अमेरिकेचं स्टेट डिपार्टमेंट असाच प्रोग्राम दर महिन्याला लावतं, त्याचं नाव ‘व्हिसा बुलेटिन’. तुमची तारीख बुलेटिनमधल्या तारखेच्या आधीची असेल तर तोड आली, नसेल तर थांबा.

आता कल्पना करा, कारखान्याने नियम केला की कुठल्याही एका गावाचा ऊस एकूण गाळपाच्या ७ टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचा नाही. गावात दहा एकर ऊस असो की पाच हजार एकर, मर्यादा तीच. दहा एकरवाल्या गावाला काहीच फरक पडणार नाही. पाच हजार एकरवाल्या गावात मात्र ऊस फडातच वाळणार. अमेरिकेचा नियम अगदी हाच आहे. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि कुठल्याही एका देशाला ७ टक्के. हे १९९० च्या कायद्याने ठरलं आणि आजही तसंच आहे. १४० कोटींच्या भारताला जी मर्यादा, तीच चार लाखांच्या आइसलँडला.

मास्टर्स डिग्रीवाले बहुतेक जण ‘ईबी-२’ या गटात येतात. या गटाला वर्षाला साधारण ४० हजार जागा, त्याचे ७ टक्के म्हणजे २,८०० च्या आसपास. त्यातही नवरा, बायको, मुलं असा प्रत्येक जण स्वतंत्र मोजला जातो. चौघांचं कुटुंब असेल तर चार जागा गेल्या. म्हणजे अख्ख्या भारतातून या गटात वर्षाला हजार-दीड हजार कुटुंबांचंच काम होतं. इतर देशांच्या जागा उरल्या तर त्या जुन्या तारखेवाल्यांना मिळतात, पण ईबी-२ मध्ये अलीकडे उरतं थोडंच.

ऑक्टोबर २०२५ च्या बुलेटिनमध्ये भारताच्या ईबी-२ ची तारीख होती १ एप्रिल २०१३. म्हणजे ज्यांचं पर्म साडेबारा वर्षांपूर्वी दाखल झालं, त्यांची तोड आता येत होती. आज नवीन अर्ज करणाऱ्याला किती वर्षं लागतील? केटो इन्स्टिट्यूट या अमेरिकन संस्थेने २०२३ मध्ये गणित मांडलं, उत्तर आलं १३४ वर्षं. मला हा आकडा तारीख म्हणून घ्यावासा वाटत नाही. मधल्या काळात लोक परत येतात, लग्नं होतात, कायदे बदलतात. पण आकडा तीन अंकी येतो, एवढं पुरेसं आहे.

आधीच्या पिढीला हे असं नव्हतं. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार १९७९ मध्ये अमेरिकेला गेले आणि १९८८ मध्ये तिथले नागरिकही झाले. आज ते मिशिगनचे खासदार आहेत. ओळखीतले कोणी काका "आम्ही गेलो तेव्हा काही नव्हतं असलं" म्हणत असतील, तर ते खोटं बोलत नाहीयेत. त्यांच्या वेळी भारताची रांग एवढी लांब नव्हती.

एक गंमत बघा. रांग नागरिकत्वाने ठरत नाही, जन्माच्या देशाने ठरते. बाबा मस्कतला नोकरीला असताना एखाद्याचा जन्म तिथे झाला आणि तो वाढला तळेगावात, तर तो ओमानच्या रांगेत उभा राहतो, आणि ओमानला रांगच नाही म्हणा ना. ताईने त्याच्याशी लग्न केलं तर तिलाही त्याच्या रांगेचा फायदा मिळतो. स्थळ बघताना ‘जन्मदेश’ विचारणारे लोक त्यामुळे खरोखर आहेत, हसू नका.

तारीख मागेही जाते

ऊसाच्या उदाहरणात एक गोष्ट बसत नाही. कारखाना दिलेली तोड सहसा परत घेत नाही. व्हिसा बुलेटिन घेतं.

कोविडमध्ये जगभरचे अमेरिकन दूतावास बंद होते, त्यामुळे कुटुंबावर आधारित ग्रीन कार्डं उरली आणि कायद्यानुसार ती पुढच्या वर्षी नोकरीवाल्यांच्या कोट्यात आली. २०२१ च्या आर्थिक वर्षात १ लाख ४० हजारांऐवजी २ लाख ६२ हजार जागा होत्या. (तिकडचं सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं.) पण फाइली तेवढ्या वेगाने हलल्या नाहीत आणि ३० सप्टेंबरला सुमारे ६६ हजार जागा वापराविना गेल्या. कचेरीचा उशीर आणि रांगेचा उशीर एकमेकांना असे भिडतात. रांगेत लाखो माणसं उभी आणि काउंटरवरची तिकिटं कचऱ्यात. हे वाचून राग येणार नसेल तर कशाने येईल?

पुढच्या वर्षी पुन्हा जादा जागा आल्या, या वेळी कामाचा वेग वाढवला आणि भारताची ईबी-२ तारीख डिसेंबर २०१४ पर्यंत धावली. मग जादा जागा संपल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये तारीख एप्रिल २०१२ वर आली आणि डिसेंबरमध्ये ८ ऑक्टोबर २०११ वर. ज्याची प्रायोरिटी डेट २०१३ मधली होती, त्याचा नंबर २०२२ च्या उन्हाळ्यात आला होता, हिवाळ्यात गेला. आय-४८५ भरलेला असला तरी कार्ड अडकलं.

याच्याही आधी २००७ मध्ये एक भारी प्रकार घडला होता. जुलैच्या बुलेटिनने जवळपास सगळ्या नोकरी-गटांची रांग एकदम खुली केली. हजारो लोकांनी मेडिकल करून घेतलं, वकिलांना पैसे दिले, काहींनी सुट्टीवरून परतून कागद गोळा केले. आणि २ जुलैला खात्याने जाहीर केलं, जागा शिल्लक नाहीत. त्याच्या आदल्या वर्षी ‘लगे रहो मुन्नाभाई’ आला होता. चिडलेल्या भारतीयांनी गांधीगिरी केली आणि यूएससीआयएसचे तेव्हाचे संचालक एमिलियो गोन्झालेझ यांना शेकडो पुष्पगुच्छ पाठवले. त्यांनी ती फुलं लष्करी रुग्णालयातल्या जखमी सैनिकांकडे धाडली. पण १७ जुलैला खातं नमलं आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेतले.

कायदाच बदलायचा प्रयत्नही झाला. नोकरी-गटांतली ७ टक्क्यांची अट काढणारं विधेयक १० जुलै २०१९ ला प्रतिनिधी सभेत ३६५ विरुद्ध ६५ मतांनी पास झालं. सिनेटने डिसेंबर २०२० मध्ये स्वतःचं वेगळं रूप पास केलं. दोन्हींचा मेळ बसण्याआधी ती संसदच संपली. तिथून पुढे गाडी तिथेच.

फोनवर काय बघायचं

यूएससीआयएसच्या वेबसाइटवर ‘केस स्टेटस’ बघायला १३ अक्षर-अंकांचा रिसीट नंबर लागतो, आधी तीन इंग्रजी अक्षरं (आजकाल बहुतेक वेळा आयओई) आणि मग दहा आकडे. तिथे आय-१४० चं आणि नंतर आय-४८५ चं स्टेटस दिसतं. पर्म तिथे दिसणार नाही, ते लेबर डिपार्टमेंटच्या पोर्टलवर असतं. सध्या कुठल्या महिन्यातले पर्म तपासणं चालू आहे, हे ते खातं जाहीर करत असतं. तुमचा महिना त्याच्या पुढचा असेल तर रोज बघून उपयोग नाही. आय-१४० हा कंपनीचा अर्ज असल्यामुळे काही कंपन्या रिसीट नंबर कर्मचाऱ्याला देतही नाहीत. मागून घ्या, पुढे नोकरी बदलताना लागतो.

आणि मुख्य म्हणजे, आय-१४० चं स्टेटस एकदा ‘अप्रूव्हड’ झालं की पुढची दहा वर्षं तिथे एक अक्षर बदलणार नाही. त्या दहा वर्षांत बघायचं ते व्हिसा बुलेटिन. साधारण महिन्याच्या मध्यावर पुढच्या महिन्याचं येतं. त्यात दोन तक्ते असतात: एक कार्ड प्रत्यक्ष मिळण्याच्या तारखांचा, दुसरा अर्ज भरून ठेवण्याच्या तारखांचा. दुसरा तक्ता त्या महिन्यात चालेल की नाही, हे यूएससीआयएस वेगळं जाहीर करतं. व्हॉट्सअ‍ॅपवर "डेट दोन वर्षं पुढे गेली!!" असा फॉरवर्ड आला की आधी तो कुठल्या तक्त्यातला आहे ते बघा.

थांबलेल्या वर्षांत काय होतं

ताईला चांगली ऑफर आली तर नोकरी बदलता येते. मंजूर आय-१४० ची प्रायोरिटी डेट तिच्याबरोबर जाते, पण नव्या कंपनीने पर्मपासून सगळं पुन्हा करायचं. नोकरी गेली तर ६० दिवसांत दुसरी शोधायची. नवरा एच-४ व्हिसावर असेल तर सहसा आय-१४० मंजूर झाल्यावर त्याला कामाचं परमिट मागता येतं, आणि तेही २०१५ पासून.

यात सगळ्यात जास्त टांगती तलवार मुलांवर. मुलगा तळेगावला दोन वर्षांचा असताना गेला, तिथेच शाळा शिकला, मराठी मोडकंतोडकं बोलतो. आईचा नंबर यायच्या आत तो २१ वर्षांचा झाला की अर्जातून बाहेर पडतो. मग त्याने स्वतःचा स्टुडंट व्हिसा काढायचा किंवा देश सोडायचा. २००२ च्या कायद्याने थोडी सूट दिली आहे: आय-१४० जितके दिवस तपासणीत होता, तितके दिवस मुलाच्या वयातून वजा करतात. म्हणजे प्रीमियम भरून १५ दिवसांत मंजुरी घेतली तर वजा व्हायला दिवसच उरत नाहीत! अख्ख्या प्रकरणात कचेरीचा उशीर उपयोगी पडतो तो बहुधा इथेच.

आणि सगळा डोलारा एका माणसाच्या नोकरीवर उभा असतो. २०१७ मध्ये कॅन्ससमधल्या ओलेथ इथे एका भारतीय इंजिनिअरचा गोळी घालून खून झाला. त्याच्या पत्नीचा अमेरिकेत राहण्याचा हक्क त्याच्या व्हिसावर अवलंबून होता, तोही त्याच्याबरोबर गेला. तिला परत जाऊन राहता यावं म्हणून तिथल्या एका खासदाराला मध्ये पडावं लागलं.

आत्ता, इथे बसून काय करता येईल

"पैसे भरा, आम्ही ग्रीन कार्डची डेट पुढे आणतो" असं कोणी इन्स्टाग्रामवर म्हणत असेल तर सरळ ब्लॉक करा. रांगेतली तारीख कोणीच हलवू शकत नाही. पर्मचा वकिलाचा आणि जाहिरातींचा खर्च तर कंपनीनेच करायचा, कर्मचाऱ्याकडून घ्यायचा नाही, असा अमेरिकेचाच नियम आहे. कर्जाचा हिशोब करताना ग्रीन कार्ड गृहीत धरू नका. एच-१बी ची सहा वर्षंही गृहीत धरू नका, कारण सप्टेंबर २०२५ पासून देशाबाहेरच्या माणसासाठी नवीन एच-१बी करायला कंपनीवर १ लाख डॉलरचा भार आला आहे. शिक्षणानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांच्या पगारात हप्ते फिटतात का, एवढंच बघा.

दुसरं काम कागदाचं. आय-४८५ बरोबर जन्माचा दाखला लागतो. तिशी-चाळिशीतल्या बऱ्याच जणांच्या जुन्या नोंदीत बाळाचं नावच नसतं, नुसतं ‘मुलगी’ आणि वडिलांचं नाव. किंवा आईचं नाव माहेरचं, नाहीतर पासपोर्टवर एक स्पेलिंग आणि दाखल्यावर दुसरं. ही नोंद जिथे जन्म झाला तिथेच असते, गावात झाला असेल तर ग्रामपंचायतीत. नोंद सापडलीच नाही तर ती उपलब्ध नसल्याचं पत्र, शाळा सोडल्याचा दाखला आणि जवळच्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं असा पर्याय चालतो. नुसता मराठी दाखला असेल तर इंग्रजी भाषांतर जोडायचं, आणि भाषांतर करणाऱ्याने ते बरोबर असल्याचं लिहून सही करायची.

जन्मगाव लिहिताना नुसतं ‘तळेगाव’ लिहू नका. दाभाडे मावळात, ढमढेरे शिरूरमध्ये, दिघे संगमनेरात, दशासर अमरावतीत. पासपोर्ट, दाखला आणि फॉर्म, तिन्हीकडे पूर्ण नाव, एकाच स्पेलिंगने.